हँडगनच्या नेहमीच्या कॅलिबरांपैकी तुमची पसंती कोणती, आणि ती का?

नेमधारी

परवानाधारक नेमबाज एकत्र जमले आणि कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा, विषय निघाला की प्रत्येकाचे मत आधीच ठरलेले असते; मात्र त्या मतामागचे कारण विचारले की बहुतेक वेळा कोणत्या तरी सैन्याचे वा पोलीस दलाचे नाव पुढे केले जाते. ते पिस्तूल आपल्या हातात कसे वागते, दुसरी गोळी पहिलीच्या किती जवळ लागते, शंभरेक गोळ्या झाडल्यावर मनगटाची काय अवस्था होते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या धाग्यावर प्रत्येकाने आपली पसंती आणि तिचे स्वतःच्या हाताला पटलेले कारण लिहावे, अशी विनंती आहे. चर्चा रेंजवरच्या टार्गेटपुरती आणि कारखान्यात भरलेल्या काडतुसांपुरती ठेवू या.

माझी पहिली पसंती ९×१९ (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मि.मी.मध्ये), म्हणजेच ९ मि.मी. पॅराबेलम. गेओर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते आपल्या पिस्तुलासाठी तयार केले, १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये जर्मन भूदलाने ते स्वीकारले, पुढे ते नाटो देशांचे प्रमाणित काडतूस झाले. हा इतिहास मला ठाऊक आहे आणि आवडतोही, पण माझी पसंती ठरली ती एका साध्या हिशेबावरून. तो येथे मांडतो, कारण पुढची सगळी चर्चा त्यावरच उभी राहील असे मला वाटते.

९ मि.मी.ची १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि पूर्ण लांबीच्या पिस्तुलातून ती सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने बाहेर पडते. .४५ एसीपीची नेहमीची २३० ग्रेनची गोळी १४.९ ग्रॅमची, आणि तिचा वेग सुमारे २५५ मीटर. दोघींची गतिज ऊर्जा काढून पाहिली तर एक ४९० ज्यूल आणि दुसरी ४८५ ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे जवळपास सारखीच. परंतु पिस्तुलाला मागे ढकलण्याचे काम ऊर्जा करत नाही, संवेग करतो. आणि वस्तुमान गुणिले वेग केले की ९ मि.मी.साठी २.८ आणि .४५ साठी ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असे आकडे मिळतात. पिस्तुलाचे वजन सारखे धरले तर ते मागे येताना घेऊन येणारी ऊर्जा या संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे .४५ मध्ये ती ऐंशी टक्क्यांहून अधिक भरते. (बॅरलमधून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वाटा मी येथे धरलेला नाही.) गोळीच्या अंगी तेवढीच ऊर्जा देऊन माझ्या हातावर इतका कमी भार टाकणारे काडतूस मला साहजिकच जवळचे वाटते. फ्रंट साइट (बॅरलच्या टोकाची नेमखूण) उसळून पुन्हा रिअर साइटच्या (मागच्या नेमखुणेच्या) खाचेत येऊन बसते, तो क्षण ९ मि.मी.मध्ये मला पूर्ण दिसतो. जड कॅलिबरमध्ये तो माझ्या नजरेतून निसटतो आणि पुढची गोळी मी अंदाजाने झाडतो आहे की काय, अशी शंका येते.

दुसरी पसंती .३८ स्पेशल, तीही पोलादी फ्रेमच्या, चार ते सहा इंची बॅरलच्या रिव्हॉल्व्हरमधून आणि वॉडकटर गोळीसह. वॉडकटरचे तोंड सपाट असल्यामुळे कागदाला पंचाने पाडल्यासारखे स्वच्छ वर्तुळाकार भोक पडते आणि गुण मोजताना वाद उरत नाही. १८९८ मध्ये आलेले हे काडतूस मूळचे ब्लॅक पावडरच्या काळातल्या मापांचे आहे, त्यामुळे त्याच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, आजच्या दारूच्या मानाने पुष्कळ मोकळी जागा राहते. तरीही हलक्या भारात ते इतक्या शांतपणे आणि अचूक चालते की मला दर वेळी नवल वाटते.

.४० स्मिथ अँड वेसनशी मात्र माझे जमत नाही. त्याचा झटका मला तीक्ष्ण वाटतो, पिस्तूल वर उसळताना किंचित वळतेही, आणि त्याच्या बदल्यात कागदावर काय मिळते ते मला कळलेले नाही. ज्यांना कळले आहे त्यांनी अवश्य सांगावे. त्यासाठीच हा धागा आहे.

अढळ

धागा उत्तम आहे आणि हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

मी .४५ एसीपीचा आणि ते झाडणाऱ्या, १९११ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलाचा पक्का चाहता आहे. आपण संवेग काढलात. तो संवेग हातापर्यंत किती वेळात पोहोचतो, हेही पाहायला हवे. .४५ चा कमाल दाब अमेरिकी उद्योगमानकानुसार २१,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, तर ९ मि.मी.चा ३५,०००. गोळी जड आणि सावकाश, दाब कमी, त्यावर पोलादी १९११ चे भरलेल्या मॅगझिनसह सव्वा किलोच्या घरातले वजन. या सगळ्याचा परिणाम असा होतो की झटका मोठा असला तरी तो तळव्यावर रेलत येतो, फटका मारत नाही. हलक्या पॉलिमर फ्रेमच्या ९ मि.मी.नंतर मी जेव्हा १९११ हातात घेतो, तेव्हा मला उलट सुटल्यासारखे वाटते.

आणखी दोन गोष्टी. २३० ग्रेनची गोळी ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरच्या, बरीच खाली असते. त्यामुळे गोळीने हवा फाडल्याचा तो कडक आवाज होत नाही. बंदिस्त रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ अशी दुहेरी काळजी मी घेतोच, तरी शेजारच्या लेनमधल्या .३५७ मॅग्नमचा स्फोट छातीत जाणवतो आणि माझ्या .४५ चा जाणवत नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. .४५ च्या गोळीचा व्यास सुमारे ११.५ मि.मी. आणि ९ मि.मी.च्या गोळीचा ९ मि.मी. म्हणजे एकाच ठिकाणी नेम लागला तरी माझ्या भोकाची कड आपल्या भोकापेक्षा सव्वा मि.मी. पुढे जाते. ज्या स्पर्धांत भोकाने रेषेला स्पर्श केला की वरचा गुण मिळतो, तेथे हा सव्वा मि.मी. फुकट मिळतो. अमेरिकेतल्या पारंपरिक बुल्सआय स्पर्धेत .२२, कोणतेही सेंटर-फायर (ज्यात चेतवणारे द्रव्य पुंगळीच्या तळाच्या मध्यभागी असते) आणि .४५ अशा तीन टप्प्यांत मिळून २७०० गुण असतात; तेथले कितीतरी नेमबाज दुसऱ्या टप्प्यातही .४५ च वापरतात, यामागे हेही एक कारण आहे.

मृण्मयी

आपण दोघेही भरभक्कम पिस्तुलांविषयी लिहीत आहात. माझे तळवे लहान आहेत आणि बोटे आखूड आहेत, त्यामुळे माझी वाट वेगळी आहे. ती थोडी विस्ताराने लिहिते, कारण नव्या महिला नेमबाजांना याच ठिकाणी चुकीचा सल्ला मिळताना मी वारंवार पाहिले आहे.

सल्ला असा असतो की झटका सोसत नसेल तर .३८० एसीपी किंवा .३२ एसीपी घ्यावे. कागदावर ते अगदी रास्त दिसते. .३२ एसीपी हे शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे १८९९ चे काडतूस, गोळी ४.६ ग्रॅमची; .३८० एसीपी त्यांचेच १९०८ चे, गोळी ६.२ ग्रॅमची, वेग सुमारे २९० मीटर. नेमधारी यांच्या पद्धतीने संवेग काढला तर .३८० चा १.८ येतो, म्हणजे ९ मि.मी.च्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. मग ते हातात सौम्य वाटायला हवे. प्रत्यक्षात वॉल्थर पीपीकेसारख्या लहान .३८० पिस्तुलाचा झटका मला पूर्ण आकाराच्या ९ मि.मी.पेक्षा त्रासदायक वाटतो.

याचे कारण यंत्रणेत आहे. पूर्ण आकाराच्या बहुतेक ९ मि.मी. पिस्तुलांत गोळी सुटताना बॅरल आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकलेले असतात. दोन्ही मिळून थोडे मागे येतात, मग बॅरलची मागची बाजू खाली झुकते, कुलूप सुटते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. या सगळ्यात झटका लांबतो आणि विभागला जातो. पीपीकेमध्ये असे कुलूपच नाही. तेथे बॅरल फ्रेमला पक्के बसवलेले असते आणि पुंगळीला रोखून धरण्याचे काम केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांच्यावर असते. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. स्लाइड सुरुवातीपासूनच वेगाने मागे येते आणि फ्रेमवर जाऊन आदळते. तो आघात अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या पातळ कातडीवर येतो. त्यातच या पिस्तुलांची ग्रिप अरुंद असते, म्हणजे तोच जोर कमी जागेवर पडतो. स्लाइड मागे ओढतानाही ही कडक स्प्रिंग आडवी येते, आणि ज्यांच्या बोटांत जोर कमी म्हणून त्यांना हे पिस्तूल सुचवले जाते, नेमके त्यांनाच ते ओढता येत नाही.

कुलूपबंद यंत्रणेची .३८० पिस्तुलेही मिळतात आणि ती खरोखर मऊ असतात. तशा पिस्तुलाविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु माझी स्वतःची पसंती पूर्ण आकाराचे, बारीक ग्रिपचे, एकेरी रांगेच्या मॅगझिनचे ९ मि.मी. ही आहे. ट्रिगरवर बोटाचे पहिले पेर नीट बसते का, हे मी कॅलिबरच्याही आधी पाहते.

.३२ एसीपीबद्दल एक तांत्रिक बाब सांगून थांबते. त्याच्या पुंगळीच्या तळाला अर्धवट रिम, म्हणजे किंचित बाहेर आलेली कड, असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकून पिस्तूल बंद पडू शकते. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीपर्यंत सरकवून आणि रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे आहे हे पाहून बसवावे.

रिंगण

मृण्मयी यांचा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा आहे.

माझे उत्तर एका ओळीत मावेल: .२२ लाँग रायफल. तरीही कारण देतो. या धाग्यावर आतापर्यंत सगळे जण झटका कसा सोसावा याचा विचार करत आहेत. मला तो नकोच आहे, कारण झटका वजा केला की उरते ते केवळ माझे ट्रिगर दाबणे, आणि मला तेच सुधारायचे आहे. २.६ ग्रॅमची गोळी, संवेग ०.८ च्या आसपास, आणि पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंतचे. पंचवीस मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पिस्तुलाचे वजन याहून जास्त चालत नाही आणि ट्रिगरचा भार किमान १००० ग्रॅम असावा लागतो. रॅपिड फायरमध्ये शेजारी शेजारी लावलेल्या पाच टार्गेटांवर पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात. चार सेकंदांत हात खाली रोखलेल्या स्थितीतून वर येतो, पहिली गोळी सुटते आणि मग तो चार वेळा शेजारच्या टार्गेटाकडे सरकतो. तेथे साइट एक केसभर अधिक उसळली तरी पाचव्या टार्गेटला वेळ उरत नाही.

या प्रकारात २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत .२२ शॉर्ट वापरले जात असे, म्हणजे .२२ लाँग रायफलहूनही हलके. त्यानंतर नियम बदलून लाँग रायफल आले तेव्हा झटक्यातला तेवढासा फरकदेखील अव्वल नेमबाजांना नव्याने आत्मसात करावा लागला. कॅलिबरचा परिणाम किती बारीक असतो हे मला या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट कळते.

दोष सांगायलाच हवा. .२२ रिमफायर असते. चेतवणारे द्रव्य पुंगळीच्या कडेच्या घडीत फिरवून भरलेले असते आणि ते सगळीकडे सारखे पसरले नसेल तर काडतूस फुसके निघते. असे झाले की बॅरल टार्गेटच्या दिशेनेच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा. सेंटर-फायरमध्ये हा अनुभव क्वचित येतो. शिवाय प्रत्येक .२२ पिस्तुलाची आवड निराळी असते. एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या उत्पादनक्रमांकांच्या काडतुसांतही टार्गेटवरच्या भोकांचा गट लहान-मोठा होतो. म्हणून आपल्या बॅरलला मानवलेला क्रमांक सापडला की त्याचाच साठा करावा.

नेमधारी

मृण्मयी, आपण यंत्रणेचा मुद्दा आणलात त्याने माझ्या हिशेबाला आवश्यक ती मर्यादा मिळाली. संवेग काडतुसाचा असतो, पण तो किती वेळात आणि हाताच्या कोणत्या भागावर यावा हे पिस्तूल ठरवते. अढळ यांच्या जड १९११ चे म्हणणेही यातच बसते.

रिंगण, आपल्या स्पर्धाप्रकाराच्या शेजारीच सेंटर-फायर पिस्तूल हा प्रकार आहे आणि त्यात ७.६२ ते ९.६५ मि.मी.पर्यंतची कॅलिबरे चालतात. नियमाने ९ मि.मी. आणि .३८ दोन्ही चालत असूनही या स्पर्धेत सर्वाधिक पसंती मिळाली ती .३२ स्मिथ अँड वेसन लाँगला. हे मूळचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेले, रिम असलेले काडतूस. त्यात सुमारे १०० ग्रेनची सपाट तोंडाची गोळी पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली असते, आणि तरीही वॉल्थर जीएसपी किंवा पार्दिनीसारखी अर्धस्वयंचलित पिस्तुले ते बिनतक्रार भरतात. ज्यांना .२२ चा शांतपणा हवा आणि सेंटर-फायरचा भरवसाही हवा, त्यांनी संधी मिळाली तर हे एकदा हाताळून पाहावे. .३२ एसीपी आणि हे .३२ ही दोन पूर्णपणे वेगळी काडतुसे आहेत, हे नवीन वाचकांनी लक्षात ठेवावे.

ताम्रपट

.४० ची बाजू मांडायला कोणी आले नाही म्हणून मी येतो. मला ते मनापासून आवडते.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या काडतुसाचा स्वभाव कळत नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली, तीत दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मि.मी.ची गोळी हृदयापर्यंत न पोहोचता थांबली होती आणि त्यानंतरही तो लढत राहिला. या घटनेनंतर एफबीआयने भेदनक्षमतेची कसोटी नव्याने आखली: जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच आणि कमाल १८ इंच शिरली पाहिजे. त्या शोधात ते १९८३ च्या १० मि.मी. ऑटोकडे वळले. पूर्ण ताकदीचा १० मि.मी. भार अनेकांना जड गेला, म्हणून तो कमी केला. आणि भार कमी केल्यावर एवढ्या लांब पुंगळीची गरज काय, असा प्रश्न आला. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी पुंगळी २५ मि.मी.वरून सुमारे २१.६ मि.मी.पर्यंत आखूड केली आणि १९९० मध्ये .४० जन्मले. आखूड झाल्यामुळे ते ९ मि.मी.च्या आकाराच्या फ्रेममध्ये मावू लागले.

नेमधारी यांना जाणवणारा तीक्ष्ण झटका येथूनच येतो. १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी ३०० मीटरच्या आसपास वेगाने, ९ मि.मी.इतक्याच ३५,००० च्या दाबाने, आणि तीही मूळ ९ मि.मी.साठी आखलेल्या वजनाच्या स्लाइडमधून. संवेग ३.५. म्हणजे .४५ च्या जवळचा भार आणि ९ मि.मी.चे शरीर. हलक्या पॉलिमर फ्रेममध्ये ते बोचते, हे मी नाकारत नाही. पुढे गोळ्यांची रचना सुधारत गेली, ९ मि.मी.च त्या कसोटीला उतरू लागले आणि २०१० च्या दशकाच्या मध्यावर एफबीआयही तिकडे परतले. त्यामुळे .४० चे काम संपले असे अनेक जण म्हणतात.

माझ्यासाठी ते संपलेले नाही, कारण मी आयपीएससी प्रकारात, म्हणजे वेळ आणि अचूकता दोन्ही मोजणाऱ्या स्पर्धांत, भाग घेतो. तेथे गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १००० असा पॉवर फॅक्टर काढतात. तो किमान १२५ असला तर मायनर. स्टँडर्ड विभागात मेजर ठरायला १७० लागतो आणि कॅलिबर किमान १० मि.मी. असावे लागते. १८० ग्रेन आणि ९५० फूट धरले तर १७१ येतात. मेजर असले की मधल्या ए भागाबाहेर गेलेल्या गोळीला सी भागात तीनऐवजी चार आणि डी भागात एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे नेमधारी यांनी पहिल्याच प्रतिसादात मांडलेला संवेग हाच येथे गुणांत रूपांतरित होतो. जड, पोलादी, रुंद फ्रेमच्या स्पर्धा-पिस्तुलातून .४० एकदा चालवून पाहा. ते बोचरेपण बरेच निवते. .४५ नेही मेजर साधते, पण त्याच लांबीच्या मॅगझिनमध्ये काडतुसे कमी मावतात आणि मधेच मॅगझिन बदलावे लागले की वेळ जातो.

कोवळी_पालवी

मी या विषयात अगदी नवीन आहे. माझे मामा मला शिकवतात आणि त्यांच्याकडे .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर आहे. ते मला त्यातून .३८ स्पेशलच देतात. हे चालते का, आणि चालत असेल तर याच्या उलटही चालते का, हे कोणी समजावून सांगेल का?

षट्कक्ष

आपले मामा योग्य तेच करत आहेत.

दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच, .३५७ इंच. १९३० च्या दशकात .३५७ मॅग्नम तयार करताना .३८ स्पेशलचीच पुंगळी सुमारे ३ मि.मी.ने लांब केली. ती जाणीवपूर्वक लांब केली, म्हणजे जास्त दाबाचे मॅग्नम काडतूस .३८ च्या सिलिंडरमध्ये पूर्ण आत जाऊच नये. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल झाडणे निर्धोक असते; .३८ च्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ कधीही झाडू नये, आणि एखाद्या जुन्या शस्त्रात ते आत बसले तरी मुळीच झाडू नये. मला हेच कॅलिबर सर्वांत आवडते, कारण एका शस्त्रात २७० ज्यूलच्या शांत सरावापासून ७०० ज्यूलपर्यंतची सगळी श्रेणी मिळते आणि मधे काहीही बदलावे लागत नाही.

आपण काळजी घ्यावी अशा दोन बाबी. .३८ ची पुंगळी आखूड असल्यामुळे तिच्या तोंडापुढे सिलिंडरच्या कक्षात काजळी आणि शिसे यांचे कडे साचते. ते घासून काढले नाही तर पुढे कधी .३५७ घालताना काडतूस अडखळते. सरावानंतर योग्य मापाचा ब्रश प्रत्येक कक्षातून फिरवावा. दुसरी बाब हाताची: सिलिंडर आणि बॅरल यांच्यामध्ये कागदाच्या जाडीइतकी फट असते आणि तिच्यातून प्रत्येक वेळी तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. पिस्तूल पकडण्याच्या सवयीने डाव्या हाताचा अंगठा पुढे आला तर तो थेट त्या फटीपाशी जातो. रिव्हॉल्व्हरवर दोन्ही अंगठे मागे, एकमेकांवर ठेवावेत. डोळ्यांना चष्मा असावा हे मामांनी सांगितले असेलच.

व्यवस्थापन

चर्चा छान चालली आहे. एक सूचना सर्वांसाठी: बॅरलवर कोरलेले कॅलिबर आणि पुंगळीच्या तळावरचा शिक्का प्रत्येक वेळी ताडून पाहावा. ९×१७ (म्हणजे .३८० एसीपी), ९×१८ आणि ९×१९ या तिन्हींना लोक सरसकट नऊ म्हणतात, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मकारोव्हच्या ९×१८ ची गोळी तर ९.२७ मि.मी.ची, म्हणजे व्यासानेही वेगळी आहे. दोन कॅलिबरची पिस्तुले घेऊन एकाच टेबलावर बसू नये. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, झटका जाणवला नाही, तर गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. तत्काळ थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि बॅरल तपासल्याशिवाय दुसरी गोळी झाडू नये.

ताम्रपट

नेमधारी, आपल्याला एक प्रश्न विचारायचा राहिला. आपण ९ मि.मी.मध्ये १२४ ग्रेन लिहिले आहे. ११५ आणि १४७ यांच्याबद्दल आपले मत काय? माझ्या अनुभवात एकाच पिस्तुलातून ही दोन काडतुसे दोन वेगळ्या कॅलिबरांसारखी वागतात.

नेमधारी

ताम्रपट, आपला .४० विषयीचा प्रतिसाद वाचून मला ते काडतूस प्रथमच समजले. जड फ्रेममधून ते चालवून पाहण्याची इच्छा झाली आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर पॉवर फॅक्टरनेच देतो. ११५ ग्रेनची गोळी ११५० फुटांवर धरली तर १३२ येतात, आणि १४७ ग्रेनची ९०० फुटांवर धरली तरी १३२ च येतात. गोळीचा संवेग समान, तरी ११५ चा झटका चटकन आणि कडक येतो, १४७ चा मंद. दोन कारणे आहेत. हलक्या गोळीला तेवढ्या वेगाला नेण्यासाठी सामान्यतः जास्त दारू जाळावी लागते, आणि जळालेल्या दारूचे वायू गोळीच्या मागून गोळीहून कितीतरी अधिक वेगाने बाहेर पडताना पिस्तुलाला आणखी एक ढकल देतात. माझ्या पहिल्या हिशेबात मी जो वाटा बाजूला ठेवला होता तो हाच. शिवाय ११५ ची गोळी ध्वनीच्या वेगापुढे असते आणि १४७ ची खाली, त्यामुळे आवाजातला कडकपणाही झटक्याच्या खाती जमा होतो. नेमाच्या दृष्टीने एक फरक लक्षात ठेवावा: जड आणि सावकाश गोळी बॅरलमध्ये अधिक काळ राहते, तेवढ्या वेळात बॅरलचे तोंड थोडे अधिक वर उचललेले असते, आणि म्हणून जवळच्या अंतरावर १४७ ची गोळी सहसा थोडी वर लागते. साइट बदलण्यासारखी नसेल तर एकच वजन ठरवून घ्यावे. मी १२४ वर आहे, कारण माझ्या पिस्तुलाची साइट तिच्याशी जुळते.

मृण्मयी

आवाजाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून एक प्रयोग सुचवते. ज्यांना एखादे कॅलिबर आपल्याला मानवते की नाही हे पडताळायचे आहे, त्यांनी सोबत्याला पाठमोरे उभे राहून मॅगझिन भरायला सांगावे आणि त्यात मधेच कुठेतरी एक डमी काडतूस घालायला सांगावे. डमीची पाळी आली की ट्रिगर दाबला जातो, आवाज होत नाही, झटका येत नाही. आणि फ्रंट साइट जागच्या जागी स्थिर राहते की आपण अपेक्षेनेच तिला खाली दाबतो, हे स्वतःच्या डोळ्यांना दिसते. एकाच सरावात आधी .२२, मग ९ मि.मी. आणि मग .४० किंवा .४५ असा क्रम ठेवला तर साइट कोणत्या कॅलिबरपासून खाली झुकू लागते ते नेमके कळते. माझी .२२ आणि ९ मि.मी.मध्ये स्थिर राहते. लहान .३८० मध्ये झुकते.

अढळ

मृण्मयी, हा प्रयोग मी १९११ वर करून येथे लिहीन. क्रम मात्र उलटाही करून पाहतो, म्हणजे .४५ आधी आणि .२२ शेवटी, हात थकल्याचा परिणाम कॅलिबरच्या माथी जायला नको.